जपानी चहा पुण्यात विकायचाय? मग माचापासून सुरू करू नका

प्रश्न थोडक्यात असा, की वाकडला राहणारे एक गृहस्थ आयटीत आहेत, जपानीची एन-थ्री परीक्षा पास झालीये, पाच लाख बाजूला काढलेत, आणि त्यांना थेट जपानहून माचा (हिरव्या चहाची पूड), सेंचा (पानांचा रोजचा हिरवा चहा) वगैरे बारा-पंधरा प्रकार मागवून इथे ऑनलाइन विकायचेत, तर वर्षभरात नोकरी सोडता येईल का.

नाही. धंदा करा, पण नोकरी ठेवून करा, आणि ते बारा प्रकारांचं आधी डोक्यातून काढून टाका. आता सविस्तर सांगते, जरा लांबेल.

मी कोथरूडची. आधी चाकणला एका कंपनीत दुभाषी होते. जपानहून साहेब लोक यायचे ते येताना चहाची पाकिटं आणायचे आणि आपली मंडळी ती ड्रॉवरमध्ये टाकून द्यायची, कारण एकदा कुणीतरी तो चहा दूध-साखर घालून चांगला उकळला होता आणि तो शेपूच्या पाण्यासारखा लागला होता. ती पाकिटं मी घरी नेऊ लागले, मग मैत्रिणी मागायला लागल्या, तिथून सुरुवात. नऊ वर्षं झाली. अजूनही धंदा म्हणजे घरातली एक खोली, एक वेगळा फ्रिज, त्यात कोथिंबीरसुद्धा ठेवायची नाही यावरून सासूबाईंशी झालेली भांडणं, आणि दुपारी चार तास पॅकिंगला येणारी एक मुलगी. यापेक्षा मोठं काही अजून जमलेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पैशाचं बोलू. समजा शिझुओका या चहाच्या प्रांतातला बऱ्यापैकी सेंचा तुम्हाला किलोला ४,००० येनने मिळाला. येन ६० पैशाला धरला तर २,४०० रुपये. विमानाचं भाडं, इन्शुरन्स मिळून किलोमागे ४०० धरा, झाले २,८००. त्यावर चहाची बेसिक कस्टम ड्युटी १०० टक्के. हो, शंभर. आपण स्वतः चहा पिकवतो, बाहेरचा सहजासहजी येऊ नये म्हणूनच ती आहे. वर त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. म्हणजे आणखी ३,०८० गेले आणि किलो ५,८८० ला पडला. आयजीएसटी ५ टक्के वेगळा, त्याचं क्रेडिट मिळतं म्हणून सोडून देऊ. मग सीएचए (कस्टममधून माल सोडवणारा एजंट), तपासणीची लॅब, गोदामभाडं, टेम्पो. हे खर्च किलोवर नसतात, शिपमेंटवर असतात, इथेच नवीन माणसाचा हिशोब चुकतो. २० किलोच्या लॉटला ३० हजार लागले तर किलोमागे १,५००, तेच ६० किलोला ५००. तुम्ही पहिल्यांदा २० च आणाल. झाले ७,३८०. म्हणजे पन्नास ग्रॅमला ३७० रुपये, आणि अजून तो पिशवीतसुद्धा गेलेला नाही.

पिशवी, ऑक्सिजन शोषणारी पुडी, लेबल मिळून ३०. सांडलवंड आणि फुकट वाटलेली सॅम्पलं २०. बॉक्स, कुरिअर ९०. एकूण ५१०. एमआरपी ९०० ठेवलीत तर त्यातून जीएसटी आणि पेमेंट गेटवेचे मिळून साठेक रुपये गेले, हातात राहिले ३३०. यातून जाहिरात, पॅकिंगचा पगार, फ्रिजचं वीजबिल, आणि उरलं तर तुमचं. दुकानात ठेवायला दिलात तर दुकानदार ३५ टक्के मागतो, म्हणजे ३१५, कुरिअर वाचलं म्हणून शंभरएक रुपये दिसतात इतकंच. आणि समोरचा गिऱ्हाईक पुण्याचा आहे, तो शांतपणे विचारतो की एवढ्या पैशात दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे पहिल्या खुडणीचा चहा येतो, मग हा का घेऊ. प्रश्न बरोबर आहे त्याचा. उत्तर तुमच्याकडे तयार पाहिजे, आणि ते बोलून नाही, पाजून द्यायचं असतं.

भारत-जपान करार २०११ पासून आहे म्हणजे ड्युटी माफच असणार, असं बरेच जण छातीठोक सांगतात. तुमची एचएस लाईन, म्हणजे मालाचा कस्टम कोड, त्या माफीच्या यादीत बसतो का ते सीएचएकडून लेखी घ्या, आणि तोवर हिशोब पूर्ण ड्युटी धरूनच करा. दुसरी एक आयडिया सगळ्यांनाच सुचते, की अमक्याचा मुलगा तोक्योत आहे, तो गिफ्ट म्हणून थोडं थोडं पाठवेल. गिफ्टवरची ड्युटी-माफी २०१९ च्या डिसेंबरातच बंद झालीये, फक्त राख्या आणि जीव वाचवणारी औषधं वगळली आहेत. चहा यातल्या कशात बसवायचा ते तुम्हीच ठरवा. शिवाय असा आलेला माल विकायचा म्हणजे तो एफएसएसएआयमधून (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) पास झालेला नाही, आणि एका गिऱ्हाईकाने तक्रार केली की संपलं.

कागदपत्रं फार अवघड नाहीत, कटकटीची आहेत. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) काढा, जीएसटी आहेच, एफएसएसएआयचा सेंट्रल परवाना घ्या आणि त्यात इम्पोर्टरबरोबर रीपॅकरही घालून घ्या, टी बोर्डाकडे आयात चहाच्या वितरकाची नोंदणी, आणि पाकिटावर एमआरपी वगैरे छापायचं म्हणून लीगल मेट्रॉलॉजी (वजनमापं खातं). एक चांगला सीएचए गाठा, जो खाण्यापिण्याचा माल नेहमी सोडवतो असा. मशीनचे पार्ट सोडवणारा स्वस्तात मिळेल, त्याच्या नादी लागू नका.

पण तीन गोष्टी अशा आहेत ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, जपानी पाकिटांवर बहुतेक वेळा फक्त 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' एवढंच छापलेलं असतं, बनवल्याची तारीख नसते, आपल्याकडे ती लागते. इम्पोर्टरचं नाव, परवाना नंबर, हिरवा ठिपका हे स्टिकर लावून इथे सुधारता येतं, तारखेचं तसं नाही, ती तिकडूनच छापून आली पाहिजे. त्यातच एक्सपायरीचा नियम, की माल येताना त्याचं ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं किंवा एक्सपायरीला तीन महिने हवेत, दोन्हीतलं जे कमी असेल ते. सेंचाला मुळात सहा महिने ते वर्षभराची तारीख असते, म्हणजे सप्लायरने तुम्हाला कोपऱ्यातला जुना माल स्वस्तात देऊ केला तर तो स्वस्त नसतो.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. आपल्याकडे ज्या औषधाची मर्यादा ठरवलेलीच नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होतं. जपानमध्ये चहावरच्या काही औषधांच्या मर्यादा पुष्कळ सैल आहेत, त्यांच्या कायद्यात बसणारा एकदम चांगला चहा आपल्याकडे नापास होऊ शकतो. म्हणून पहिल्या मेलमध्येच विचारा, युरोपला जाणारा लॉट आहे का आणि त्याचा रेसिड्यू रिपोर्ट आहे का. युरोपसाठी पिकवणारे शेतकरी वेगळी फवारणी करतात, तो माल आपल्याला बरा पडतो.

तिसरी म्हणजे तुमचे ते बारा प्रकार. तपासणीसाठी सॅम्पल प्रत्येक प्रकाराचं काढतात आणि लॅबची फी प्रत्येक प्रकाराला वेगळी. मी दुसऱ्या शिपमेंटला हौसेने नऊ प्रकार मागवले होते, त्यात दोन किलो ग्योकुरो, म्हणजे सावलीत वाढवलेला महागडा चहा. सहारच्या कार्गोतून माल घरी आला तेव्हा ग्योकुरोची पिशवी उचलली तर हलकी लागली, वजन केलं, चांगलाच मोठा हिस्सा सॅम्पलमध्ये गेला होता. नियमानेच गेला होता, कुणाची चूक नाही, पण जो चहा जेमतेम दोन किलो आहे त्याच्यासाठी फीही भरायची आणि मालही द्यायचा, हा हिशोब कुठल्याच एमआरपीत बसत नाही. तेव्हापासून तीन प्रकार, फार तर चार.

सप्लायरबद्दल. तुमची एन-थ्री इथे कामाला येईल, छोटे उत्पादक इंग्लिश मेलला उत्तर देतात ते फार उशिरा. पण एप्रिलच्या शेवटापासून मे संपेपर्यंत मेल टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. पहिली खुडणी तेव्हाच असते, रिश्शुनपासूनचा (त्यांच्या पंचांगातला वसंताचा पहिला दिवस) ८८ वा दिवस म्हणजे साधारण २ मे, तो त्यांच्याकडे चहाचा मुहूर्तच, आणि त्यातच गोल्डन वीकच्या सुट्ट्या. आपल्याकडे सुगीत कुणी शेतकऱ्याला कोटेशन मागतं का? 'केन्तो शिमासु' असं उत्तर आलं, म्हणजे 'विचार करू', तर बहुतेक वेळा तो नकार असतो, मागे लागू नका. आणि बँकेतून पैसे पाठवताना परदेशातलेही चार्जेस आपण भरू असा पर्याय निवडा. मी पहिल्यांदा निवडला नव्हता, त्यांना रक्कम २,५०० येन कमी पोचली. त्यांनी तसं काही म्हटलं नाही, फक्त एक अतिशय नम्र मेल आला की रक्कम मिळाली, आभार, तपशील सोबत जोडला आहे. तपशिलात तो फरक. मी वरणभात गिळत गिळत पुढचे दोन दिवस माफीचा मेल लिहिला. आता ते मला दर जूनला न मागता नव्या चहाचं सॅम्पल पाठवतात.

उजी या क्योटोजवळच्या चहाच्या गावाच्या नावामागे फार लागू नका. उजी-चा म्हणजे सगळा उजीचाच असं नसतं, क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतला चहा क्योटोत तयार केला की ते नाव लावता येतं. त्यात फसवणूक काही नाही, ब्लेंडिंग हीच त्यांची कला आहे, पण नावाचे पैसे आपण मोजतो आणि आपल्या गिऱ्हाईकाला उजी आणि निशिओ (चहाचंच दुसरं गाव) यातला फरक माहीत नसतो. कागोशिमाचा चहा बघा. तिथे सपाट जमीन, मशीनने खुडणी, हंगाम लवकर, आणि २०२४ मध्ये तर कच्च्या चहाच्या उत्पादनात त्यांनी शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं.

आता माचा. मला रोज कुणीतरी विचारतं, आणि मागणी आहे हे खरंच आहे, कोरेगाव पार्कात आता माचा लाटे न विकणारा कॅफे शोधावा लागेल. पण माल कुठून आणणार? माचा तेंचापासून, म्हणजे सावलीत वाढवून वाळवलेल्या पानांपासून होतो, त्यासाठी खुडणीच्या आधी तीनेक आठवडे झुडपांवर सावली धरावी लागते, आणि दगडी जात्यावर तासाला ३० ते ४० ग्रॅम दळून होतो. आपल्या जात्यावर मेतकूट याहून लवकर होतं. नवीन झाड लावलं तर माल यायला चार-पाच वर्षं. २०२४ च्या शरदात क्योटोतल्या मोठ्या जुन्या घराण्यांनीसुद्धा माणशी खरेदीवर मर्यादा घातली, २०२५ च्या मे महिन्यात क्योटोच्या लिलावात तेंचाचा सरासरी भाव किलोला ८,००० येनच्या वर गेला, आधीच्या वर्षाच्या अडीचपटीहून जास्त. आणि हा कच्च्या मालाचा भाव आहे, दळायच्या आधीचा. अशात तुम्ही, पाच लाखवाले नवे, रांगेत कुठे उभे राहणार? कॅफेवाल्याला दर महिन्याला त्याच भावात तोच माल हवा असतो, तो शब्द तुम्ही देऊ शकत नाही. आणि दूध-साखरेखाली चव झाकली जातेच, त्यामुळे कुणी चिनी माचा निम्म्या भावात देऊ केला की तो तिकडे जाणार, त्याच्या जागी मीही गेले असते. 'सेरेमोनियल ग्रेड' हा शब्द तर विसराच, ती काही सरकारी प्रतवारी नाही, बाहेरच्या बाजारासाठी चालू झालेला शब्द आहे, कुणीही कशावरही छापतो.

मी सुरुवात होजिचा (भाजलेला चहा) आणि गेनमाईचाने (भाजलेला तांदूळ घातलेला चहा) करायला सांगते. दोन्ही मुळात स्वस्त, त्यामुळे टक्क्यातली ड्युटी रुपयात कमी बसते, उकळत्या पाण्यात बिघडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे आपल्या नाकाला ओळखीचे आहेत. सदाशिव पेठेत एका वाड्यात मी चहा पाजायला गेले होते, सेंचाला सगळ्यांनी 'छान आहे' म्हणून कप बाजूला ठेवले. मग गेनमाईचा केला. भाजलेला तांदूळ, त्यात काही दाणे फुटलेले. घरातल्या आजी आतून बाहेर आल्या, कपात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, या तर साळीच्या लाह्या! आजाऱ्याला देतो तसलं पाणी केलंयस का?" दोन कप प्यायल्या आणि तीन पाकिटं त्यांनी घेतली, चिवड्याबरोबर बरा लागेल म्हणून. मी वेबसाइटवर 'उमामी' वगैरे लिहून दोन वर्षांत जे जमवलं नव्हतं ते त्या एका वाक्याने जमलं, आता लेबलवर सरळ 'लाह्यांचा वास' असं लिहिते. गेनमाईचात तांदूळ असल्यामुळे एचएस कोडचा प्रश्न निघू शकतो, तेवढं माल निघण्याआधी सीएचएला विचारून ठेवा. आणि हो, वजन उतरतं, शुगर कमी होते असलं काही छापू नका, दाव्यांचे नियम कडक आहेत आणि ते खरंही नसतं.

साठवणीत मी एकदा चांगली आपटले. तिसऱ्या वर्षी, ऐन जुलैत, घरी रंगकाम काढलं म्हणून माल एका ओळखीच्यांच्या भवानी पेठेतल्या गोदामात ठेवला, तीनच आठवडे. बंद पिशव्यांना काही झालं नाही. पण पॅकिंगसाठी फोडलेल्या दोन पिशव्या होत्या, क्लिपा लावलेल्या, आणि शेजारी दगडफूल, हिंग, तमालपत्राची पोती. चहा वास असा ओढतो की बस. परत आणून एक कप केला तर आमटीच. वाया कशाला घालवायचा म्हणून कढईत भाजून घरचा होजिचा करून पाहिला, तर हिंगाचा वास आणखी खुलला. आठ किलो गेला. तर फ्रिज वेगळा, उदबत्तीची खोली वेगळी, आणि पावसाळ्यात फ्रिजमधली पिशवी बाहेर काढली की ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे मोठी असेल तर रात्रभर, फोडायची नाही. नाहीतर आत दव धरतं आणि माचा असेल तर त्याचे गोळे.

आणि आता पाणी, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. माझी एक जुनी गिऱ्हाईक, नारायण पेठेतली, दर दोन महिन्यांनी सेंचा न्यायची. एकदा तिचा मेसेज आला, ताई या वेळचा माल बोगस आहे, कडू आहे आणि रंग मातकट येतोय. त्याच लॉटचा चहा मी घरी पीत होते. मी म्हटलं येते. पत्ता विचारला तर वाघोली, नुकतीच शिफ्ट झालेली. थर्मासमध्ये आमच्या नळाचं पाणी घेतलं, त्याच पाकिटातला चहा दोन कपांत केला, एक माझ्या पाण्याचा, एक तिच्या. माझ्या पाण्याचा पोपटी. तिच्या पाण्याचा पाचच मिनिटांत तपकिरीकडे झुकला आणि वर अगदी पातळ साय आल्यासारखा तवंग, कप हलवला की तुकडे होणारा. टीडीएस मीटर लावला, हा टीडीएस पगारातला नव्हे, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, तर आमचं पाणी शंभरच्या आत आणि तिचं सहाशेच्या वर. सोसायटीत टँकर आणि बोअर. घरात आरओ होता हो, पण ती म्हणाली, "चहाचं पाणी उकळतंच की, त्याला आरओचं कशाला घालवायचं?" दूध-साखरेच्या चहाला खरंच फरक पडत नाही, म्हणून ही सवय घरोघरी आहे. सेंचात मात्र पाण्याशिवाय दुसरं काही नसतंच. जपानचं पाणी मऊ, खडकवासल्याचं बऱ्यापैकी मऊ, टँकरचं पाणी आलं की सगळं गेलं.

त्या दिवशी मी मागच्या तक्रारींचे पत्ते काढून बसले. बहुतेक सगळे बोअर-टँकरच्या भागातले निघाले. मी इतके दिवस सप्लायरला संशयाने मेल लिहीत होते. आता प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात एक ओळ असते, 'चहाला प्यायचं पाणी घ्या, वापरायचं नको', आणि खाली छोट्या अक्षरात, उकळलेलं पाणी दोनदा एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, मग सेंचावर घाला. दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात, थर्मामीटर लागत नाही. बशीत चहा ओतून पिणाऱ्या माणसांना हे लगेच समजतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ऑर्डरी यानेच वाढल्या, कुठल्याही जाहिरातीने नाही.

तर पाच लाखांपैकी पहिल्या लॉटला दीड लाखाच्या वर जाऊ नका, होजिचा, गेनमाईचा आणि एक सेंचा. पहिल्याचे पैसे सुटायच्या आत दुसऱ्याची ऑर्डर द्यावी लागते, त्यासाठी तेवढेच बाजूला ठेवा. माल ऑगस्टअखेर घरात आला पाहिजे, म्हणजे दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सना सापडतो, ती माझी वर्षातली निम्मी विक्री असते. पहिली गिऱ्हाइकं जपानी शिकणारी मुलं आणि ऑनसाइटहून परत आलेले लोक, त्यांना समजवावं लागत नाही. उन्हाळ्यात गरम चहा खपत नाही, तेव्हा थंड पाण्यात रात्रभर भिजवायचा सेंचा म्हणून विका. मातीच्या क्यूसु किटल्या आणायचा मोह होईल, मार्जिन बरं आहे, पण चोचा फुटतात.

आणि तुम्ही वाकडला ना? ऑर्डर द्यायच्या आधी तुमच्या सोसायटीत टँकर येतो का ते बघा. घरच्याच पाण्यात सॅम्पल चाखून एखादा चांगला चहा नापास कराल.